सदतिसाव्या वर्षी सोरोरिटीत

वयाची अट नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण अमेरिकेत डिग्री करताना मी सोरोरिटीत होते असं म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "पण तुला घेतलंच कसं?" नियम सरळ आहेत. त्या विद्यापीठात पदवीसाठी रीतसर प्रवेश हवा, आधी अशाच दुसऱ्या सोरोरिटीची दीक्षा घेतलेली नको, आणि मार्क बरे हवेत. बरे म्हणजे किती, ते प्रत्येक संस्था आपापलं ठरवते. आमच्याकडे चारपैकी 2.7 लागायचे. लग्न, मुलं, पांढरे केस यांबद्दल नियमांत चकार शब्द नाही. अडचणी येतात त्या नियमाबाहेरच्या, आणि त्याच सांगण्यासारख्या आहेत.

सोरोरिटी म्हटलं की आपल्याकडे सिनेमातल्या त्या एकसारख्या सोनेरी केसांच्या, किंचाळणाऱ्या मुली डोळ्यांसमोर येतात. त्या असतातही. पण मूळ प्रकार म्हणजे विद्यार्थिनींची संघटना: ग्रीक अक्षरांचं नाव, एकदा घेतलं की आयुष्यभराचं सदस्यत्व, आणि देशभर विद्यापीठांत शाखा. शाखेला चॅप्टर म्हणतात. मोठ्या चॅप्टरचे स्वतःचे बंगले असतात आणि त्यांत पन्नास-साठ मुली राहतात. यातल्या जुन्या, मोठ्या संस्थांची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स 1902 साली शिकागोत सुरू झाली. मी गेले तेव्हा तिच्यात 26 सोरोरिटी होत्या. भरतीचे सगळे कायदेकानू तिथून येतात.

मी सांगलीची. शिवाजी विद्यापीठात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली आणि तिसऱ्याच्या तोंडावर लग्न झालं. "तिकडे जाऊन पूर्ण कर की" असं सगळेच म्हणाले. इंडियाना राज्यात आले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यामुळे बायकोला मिळतो त्या. त्या व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे (2015 पासून काही जणींना परवाना मिळायला लागला), पण शिकायला बंदी कधीच नव्हती. बंदी होती ती डे-केअरच्या बिलाची. धाकटा शाळेत जायला लागल्यावर आयव्ही टेक नावाच्या तिथल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजात एकेक विषय घ्यायला सुरुवात केली. तिथले बरेचसे विषय राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत जसेच्या तसे धरतात. त्यामुळे पुढे अकाउंटिंगसाठी विद्यापीठात आले तेव्हा पहिल्या वर्षाच्या वर्गांतून सुटका झाली होती.

आयव्ही टेकमध्ये मी कुणाला वेगळी वाटले नव्हते. संध्याकाळच्या वर्गात रात्रपाळी करणाऱ्या नर्सेस, सैन्यातून परतलेले लोक, नातवंडं असलेली एक बाई, सगळे होते. विद्यापीठात मात्र वर्गातल्या सगळ्यांचं वय एकोणीस-वीस. लिफ्टपाशी मुलं "मॅम" म्हणून अदबीनं दार धरायची. ग्रूप प्रोजेक्ट असला की वेळापत्रक करायचं आणि शेवटी सगळं एकत्र टाइप करायचं काम न सांगता माझ्याकडे यायचं.

मैत्रिणी हव्या होत्या हे खरं, पण सोरोरिटीत जावं असं वाटण्याचं त्याहून मोठं कारण व्यवहाराचं होतं. अकाउंटिंगच्या मोठ्या कंपन्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिप वर्ष-वर्ष आधी भरून टाकतात. कुणाची मुलाखत कधी, कुठल्या प्रोफेसरचा पेपर कसा असतो, कुणाची मावशी कुठल्या कंपनीत पार्टनर आहे, या खबरा त्या ग्रीक अक्षरांच्या टी-शर्टांमधून फिरत असत. नोटीस बोर्डावर लागेपर्यंत जागा भरलेली असायची. माझ्या शेजारी बसणारी मुलगी सोरोरिटीतली होती, आणि तिला सगळं माझ्या आधी महिनाभर माहीत असायचं. हेवा वाटला. मग चौकशी केली.

भरतीचा मुख्य हंगाम आमच्या विद्यापीठात जानेवारीत असे. दक्षिणेतल्या राज्यांत ऑगस्टमध्ये असतो, म्हणून त्या मुली उन्हाळी फ्रॉकमध्ये दिसतात. इंडियानाच्या जानेवारीत रस्त्यावर मीठ टाकलेला काळा बर्फ असतो. शेकडो मुली गुडघ्यापर्यंत बूट घालून, हातात पिशवी घेऊन घराघरांतून फिरतात. पिशवीत उंच टाचांच्या चपला. प्रत्येक दाराशी एका पायावर उभं राहून बूट काढायचा, चप्पल चढवायची, बूट पिशवीत कोंबून ओळीत ठेवायचे. बाहेर पडलं की उलटा क्रम. पुढच्या घराची वेळ पाचेक मिनिटांवर आलेली असते. एकोणीस वर्षांच्या मुली हे चालता चालता करत होत्या. मी रेलिंग शोधत होते.

दार उघडलं की आतल्या सगळ्या मुली चौकटीत एकमेकींवर रचल्यासारख्या उभ्या राहून टाळ्या वाजवत गाणी म्हणतात. मग एक जण हात धरून आत नेते आणि बोलायला लागते. मेजर म्हणजे मुख्य विषय कुठला, गाव कुठलं, मोकळ्या वेळात काय करतेस. तीन-चार मिनिटांत दुसरी येऊन अलगद तिची जागा घेते, मग तिसरी. याला बंप म्हणतात. हे सगळं आधी घटवून घेतलेलं असतं: कुणी कुणाशी बोलायचं, कुठल्या कोपऱ्यात उभं राहायचं. बाहेर पडल्यावर तिघी आपापलं मत नोंदवतात. दारू, बॉयफ्रेंड, राजकारण, पैसा हे विषय वर्ज्य. मोकळ्या वेळात काय करतेस, यावर मी "मुलाला पोहायला नेते" म्हटलं की समोरचीच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटत नसे, आणि मग ती एकदम फार गोड हसायची. एका घरात दारावरच्या मुलीनं मला माजी सदस्यांच्या खोलीत नेऊन कॉफी दिली. मी उमेदवार आहे म्हटल्यावर तिचे कान लाल झाले. कॉफी मी पिऊन टाकली, बाहेर उणे बारा होतं.

या हंगामात प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक मुलगी देतात, तिला रो गॅमा म्हणतात. ती स्वतः कुठल्यातरी सोरोरिटीची असते, पण पक्षपात नको म्हणून आमच्या वेळी तेवढ्या काळापुरतं ते नाव लपवायची, फोटोसुद्धा इंटरनेटवरून काढून टाकायची. आमची रो गॅमा जेमतेम एकवीस वर्षांची होती. तिनं पहिल्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "मोठ्या घरांकडून फार अपेक्षा ठेवू नकोस. तुझ्यात काही कमी आहे म्हणून सांगत नाहीये, आकड्यांचा प्रश्न आहे."

रोज रात्री उमेदवार मुली आपल्या आवडीचा क्रम देतात, घरं आपली यादी देतात आणि दोन्हींचा मेळ घालून सकाळी पुढच्या फेरीची आमंत्रणं येतात. मला दुसऱ्या फेरीला मोजकी घरं आली, तिसऱ्या फेरीला एकही नाही. त्या सकाळी वाईट वाटलं. पण रो गॅमा म्हणाली ते आकडे मी नंतर, आत गेल्यावर, नीट समजून घेतले आणि राग बराचसा गेला. बंगला असलेल्या घराला पलंग भरायचे असतात. कर्जाचा हप्ता, स्वयंपाकी, हीटिंग सगळं राहणाऱ्या मुलींच्या भाड्यावर चालतं. पहिल्या वर्षाची मुलगी पुढे साडेतीन वर्षं वर्गणी देते आणि वर्ष-दोन वर्षं तिथे राहते. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावरची, नवरा आणि दोन मुलं घरी असलेली बाई कधीही राहायला येणार नाही. शिवाय कुठल्या घराला किती मुली परत बोलवता येतील हे मागच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरवून दिलेलं असतं. ज्या घराला सगळ्या हो म्हणतात त्याला पहिल्याच फेरीनंतर जास्त नावं गाळावी लागतात. अशा वेळी जिच्या नावापुढे जराही प्रश्नचिन्ह आहे तिचं नाव आधी जाणार. वरच्या वर्गातल्या मुलींसाठी काही विद्यापीठं वेगळा कोटा ठेवतात, आमच्याकडे तो नव्हता. कुणी मोठ्या वयात हे करायचं म्हणत असेल तर आधी हा कोटा आहे का, तेवढं विचारून घ्या. बूट-चपलांचा खेळ वाचेल.

खरी वाट वेगळीच असते. प्रत्येक कॅम्पसवर चॅप्टरची कमाल सदस्यसंख्या ठरलेली असते. हंगाम संपल्यावरही ज्या चॅप्टरमध्ये त्याहून कमी मुली आहेत, त्यांना सेमिस्टर चालू असताना केव्हाही, गाजावाजा न करता मुली घेता येतात. याला कंटिन्युअस ओपन बिडिंग म्हणतात, बोलताना नुसतं सीओबी. वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या मुलीचा चॅप्टर असाच होता. बंगला नाही, वसतिगृहाच्या तळमजल्यावर एक बैठकीची खोली आणि छोटं स्वयंपाकघर. भरायला पलंग नाहीत, म्हणून वर्गणीही कमी.

त्यांची अध्यक्ष आणि भरती बघणारी मुलगी मला कॉफीला भेटल्या. इथे बंप नव्हता आणि घड्याळ नव्हतं, त्यामुळे खरं बोलणं झालं. अध्यक्षानं विचारलं, "तू आम्हाला वळण लावायला येणार आहेस का?" मी म्हटलं, "घरी दोन जणांना लावतेय तेच पुरे आहे." मग मी माझे प्रश्न काढले. पैसे किती, कधी भरायचे, मधेच सोडलं तर काय. दर रविवारी संध्याकाळची मीटिंग चुकली तर दंड किती. आणि दारूचं काय.

हा शेवटचा मुद्दा मोठ्या वयाच्या बाईनं सगळ्यात आधी मिटवून घ्यावा. अमेरिकेत एकविसाव्या वर्षाआधी दारू चालत नाही, आणि चॅप्टरमधल्या निम्म्याहून जास्त मुली त्याखालच्या असतात. सज्ञान माणसानं त्यांना आणून दिली तर इंडियानात तो गुन्हा आहे. एखादी मुलगी शुक्रवारी "जरा दुकानात जाशील का" असं विचारणार, हे उघड होतं. मी तिथेच सांगितलं की मी आणणार नाही, माझ्या गाडीत ठेवू देणार नाही आणि ज्या पार्टीत ती असेल तिथे मी नसेन. भरतीवाली मुलगी म्हणाली की बरं झालं बोललीस, आमच्या विमा कंपनीचंही हेच म्हणणं आहे.

आठवड्याभरात बिड आलं. बिड म्हणजे आमंत्रणपत्र. ते स्वीकारताना एका करारावर सही करतात. सही करून नंतर मागे फिरलं तर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत कॉन्फरन्समधल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. आठ ओळींचा कागद आहे, पण अठरा वर्षांच्या मुली तो न वाचता सही करतात आणि मग रडतात. मी वाचला. पहिल्या सेमिस्टरला दीक्षेचं शुल्क आणि बिल्ला धरून सातशे डॉलरच्या आसपास गेले. पुढच्या सेमिस्टरांना कमी.

नवऱ्याला पैशांपेक्षा भीती वाटत होती. आदल्याच वर्षी, फेब्रुवारी 2017 मध्ये, पेन स्टेट विद्यापीठाच्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेत, नव्या सदस्यांना दारू पाजण्याच्या प्रकारात एक एकोणीस वर्षांचा मुलगा गेला होता. टीव्हीवर ते प्रकरण महिनोन्‌महिने चाललं. "तुला रात्री दोन वाजता मैदानात पळायला लावलं तर?" नवरा म्हणाला. "तर मी तुला फोन करून घ्यायला बोलवीन," मी म्हटलं. सांगलीला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फक्त बायका असतात, दर आठवड्याला जमतात, पैसे भरतात, कुणी चुकवले तर नाव निघतं. "म्हणजे भिशीच की गं," त्या म्हणाल्या. "तुझा नंबर कधी लागतोय?"

नव्या सदस्यांचे पहिले दीडेक महिने शिकण्याचे. पहिल्या बैठकीत छळविरोधी नियम मोठ्यानं वाचून दाखवले आणि तक्रारीचा फोन नंबर प्रत्येकीला लिहून घ्यायला लावला. तसला प्रकार माझ्या वाट्याला काही आला नाही. वाट्याला आली ती घोकंपट्टी: ग्रीक मुळाक्षरं एका दमात, संस्थापक बायकांची नावं, तारखा, घटनेची कलमं, आणि शेवटी लेखी परीक्षा. घोकंपट्टीत मी त्या पोरींना हरवलं. आपल्याकडची शाळा कुठेतरी कामी यायचीच.

त्यात प्रत्येकीला एक छोटं भाषण होतं. मी इंडियाना घेतला, कारण सोरोरिटींच्या इतिहासात आमचं राज्य श्रीमंत आहे. इंडियानापोलिसच्या पश्चिमेला तासाभरावर ग्रीनकॅसल नावाचं गाव आहे. तिथल्या ॲसबरी कॉलेजानं, म्हणजे आजच्या डेपॉ विद्यापीठानं, 1867 साली मुलींना प्रवेश दिला. पहिल्या मुलींमधली बेटी लॉक हिला एका फ्रॅटर्निटीनं आपला बिल्ला लावायला दिला, पण सदस्य करून घ्यायला नकार दिला. शोभेपुरता बिल्ला तिला नको होता. 27 जानेवारी 1870 ला तिनं आणखी तिघींना घेऊन कॅपा अल्फा थीटा काढली. ही गोष्ट मुलींना अर्धीमुर्धी ठाऊक होती.

दुसरी गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. इंडियानापोलिसमध्येच, बटलर विद्यापीठात, 12 नोव्हेंबर 1922 ला सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनी सिग्मा गॅमा रो ही सोरोरिटी स्थापन केली. तो काळ कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेचा होता. इंडियानात त्यांचा इतका जोर की 1924 मध्ये त्यांच्या पाठिंब्यावरचा माणूस गव्हर्नर झाला. त्या राज्यात दिवसभर शाळेत शिकवणाऱ्या बायकांनी ही संस्था उभी केली, आणि पुढे ती देशभर पसरली. बटलर आमच्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. त्या रस्त्यानं मी वर्षानुवर्षं मुलाला पोहायला नेत होते. भाषण संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे त्या नोकरी करत होत्या?" हो, नोकरी करत होत्या. सोरोरिटी ही अठरा-वीसच्या पोरींचीच गोष्ट असते, असं काही नाही.

रंगाचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. जुन्या मोठ्या सोरोरिटी अनेक दशकं फक्त गोऱ्या मुलींच्या होत्या, काही तर लेखी नियमानं. अलाबामा विद्यापीठात 2013 साली विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रानं बातमी छापली की गुणी कृष्णवर्णीय मुलींना डावललं जातंय, तेव्हा कुठे तिथली दारं किलकिली झाली. आमच्या चॅप्टरमध्ये माझ्याखेरीज तीन-चार जणीच गोऱ्या नसलेल्या होत्या. मला रंगावरून कुणी काही बोललं नाही. बोलले ते वयावरून, आणि प्रेमानंच.

ते प्रेम आवरणं हे सगळ्यात अवघड गेलं. झालं असं की नव्या मुलीला एक जुनी मुलगी पालक म्हणून मिळते, तिला बिग म्हणतात. माझी बिग वीस वर्षांची. आठवडाभर ती गुपचूप माझ्यासाठी वस्तू ठेवून जायची: रंगवलेली लाकडी अक्षरं, मसाला चहाचा डबा, माझ्या मुलीसाठीसुद्धा एक केसांचा रिबन. शेवटी एका पडद्याआडून उडी मारून तिनं स्वतःला जाहीर केलं आणि गळ्यात पडून रडली. तिनं माझ्यासाठी बरंच केलं. पण तिनंच वसंतातल्या कार्यक्रमासाठी टी-शर्टांचं डिझाइन काढलं, आणि सगळ्यांच्या पाठीवर आडनाव, माझ्या पाठीवर मात्र ‘चॅप्टर मॉम’.

फोनवर तिनं ते चित्र मला दाखवलं तेव्हा आम्ही तळमजल्यावरच्या त्या खोलीत चादरीवर बॅनर रंगवत बसलो होतो. चार-पाच जणी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी ब्रश खाली ठेवला आणि म्हटलं, "हे नको. माझं आडनाव टाक." ती म्हणाली, "अगं, पण हे किती गोड आहे!" मी म्हटलं, "मॉम म्हटलं की तुम्ही मला पार्टीत बोलावणार नाही, अडचणीत बोलावणार. रात्री अकराला औषधं कुणी आणायची, तर मॉमनं. मुलाखतीचा निरोप द्यायचा तेव्हा मात्र मॉमची आठवण कुणाला येणार? आई मी घरी आहे, तिथे तिला पगार नाही. इथे मी सातशे डॉलर भरलेत." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक जण फिसकन हसली, आणि बिगनं तिथल्या तिथे ते बदललं. आडनावाचं स्पेलिंग चुकवलं, तो भाग वेगळा.

हे मी थोडं जास्तच कडक बोलले असं बिगला वाटलं, आणि दोन-तीन दिवस ती जरा घुश्शात होती. माझं मत आजही तेच आहे. मोठ्या वयाच्या बाईला लोक आपणहून जी जागा देतात ती कौतुकाची असते, पण बरोबरीची नसते.

दीक्षाविधीबद्दल सांगता येत नाही. गुप्त ठेवायची शपथ आहे. नवऱ्यानं बऱ्याच वेळा आडून आडून विचारलं, शेवटी "मेणबत्त्या असतात का एवढं तरी सांग" इथवर आला. सांगितलं नाही. एवढंच लिहिते की पांढरे कपडे लागतात, आणि मी परवानगी काढून पांढरा लखनवी कुडता घातला होता.

बाकी सदस्य म्हणून रोजचं आयुष्य फारसं रोमांचक नसतं. रविवारी मीटिंग, अजेंडा, ठराव, अनुमोदन. कार्यक्रमाला हजर राहिलं की गुण, गुण कमी पडले तर नृत्याच्या संध्याकाळी प्रवेश नाही. गैरहजेरीचा अर्ज दोन दिवस आधी द्यायचा. माझ्या अर्जांवर कारणं ‘मुलीला ताप’, ‘पालक सभा’ अशी, बाकीच्यांच्या अर्जांवर ‘केमिस्ट्रीचा पेपर’. समिती एकाच गंभीरपणे दोन्ही मंजूर करायची. मला ते फार आवडायचं.

दुसऱ्या वर्षी मी खजिनदार झाले. अकाउंटिंगची विद्यार्थिनी म्हटल्यावर कुणी दुसरं उभंच राहिलं नाही. खजिनदारीत मला चॅप्टर आतून दिसला. वर्गणीतला मोठा हिस्सा राष्ट्रीय कार्यालयाला आणि विम्याला जातो, हातात थोडंच राहतं, आणि त्यातही टी-शर्टांवर अफाट उडतं. वर्षाला किती टी-शर्ट छापतात हे एक्सेलमध्ये मांडून दाखवल्यावर दोन कार्यक्रमांचे टी-शर्ट रद्द झाले. माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात अप्रिय गोष्ट तीच. थकबाकीच्या यादीत दर वेळी काही नावं तीच असायची. त्यातल्या एकीला मी भेटायला बोलावलं तर ती बिल्ला पाकिटात घालूनच आली होती, परत करायला. तिच्या वडिलांचा कारखाना बंद पडला होता. हप्ते बांधून देता येतात, आणि राष्ट्रीय संस्थेची त्यासाठी मदतही असते, हे घटनेच्या मागच्या पानांत लिहिलेलं आहे. अर्ज दोघींनी मिळून तिथेच भरला. बिल्ला तिनं पुन्हा लावला. दुसरी एक जण मात्र दोन महिने नुसती आश्वासनं देत होती आणि इन्स्टाग्रामवर फ्लोरिडाचे फोटो टाकत होती. तिचं नाव मी समितीकडे पाठवलं.

आणि हो, इंटर्नशिप मिळाली. चॅप्टरमधून आदल्या वर्षी पास झालेल्या एका मुलीनं तिच्या कंपनीत अर्जाची मुदत संपायच्या आत मला मेसेज केला. मुलाखतीत त्यांनी विचारलं, नेतृत्वाचा अनुभव काय. पन्नासेक जणींच्या संस्थेचा हिशेब आणि वसुली, असं मी सांगितलं. वय त्यांनी विचारलं नाही, कायद्याची भानगड नको म्हणून विचारायचं टाळतातच.

ज्यांची डिग्री आधीच झाली आहे त्यांना हा रस्ता बंद, पण दुसरे आहेत. कॉन्फरन्समधल्या अनेक सोरोरिटी पदवीच्या पुढे गेलेल्या बायकांना माजी सदस्य गटांमधून थेट दीक्षा देतात. अल्फा कॅपा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा यांसारख्या ऐतिहासिक कृष्णवर्णीय सोरोरिटींचे तर पदवीधरांचे स्वतंत्र चॅप्टर आहेत, आणि तिथे चाळिशी-पन्नाशीत येणाऱ्या बायका नवलाच्या नसतात. दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटीही आहेत. डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनमध्ये, कॅपा फाय गॅमा ऑस्टिनमध्ये आणि सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्क राज्यात, तिन्ही 1998 सालच्या. माझ्या कॅम्पसवर त्यांपैकी एकही नव्हती. असती तर तिकडे गेले असते का, सांगता येत नाही. तिथे मला मॉमऐवजी आंटी म्हणाल्या असत्या, आणि ते टी-शर्टवरून खोडणं जास्त कठीण.

पदवी घेतल्यावर मी इथल्या माजी सदस्यांच्या गटात नाव घातलं. बहुतेक जणी साठीच्या पुढच्या: निवृत्त शिक्षिका, नर्सेस, एक वकीलबाई. गटात सगळ्यात लहान मी. पहिल्याच बैठकीत घड्या घातलेल्या खुर्च्या गाडीतून काढून मांडायचं काम माझ्याकडे आलं, "तुझे गुडघे अजून शाबूत आहेत" म्हणून. दुसऱ्या बैठकीत खजिन्याची वहीही आली. वर्गणी वर्षाला 40 डॉलर आहे, आणि सहा जणींची अजून यायची आहे. वकीलबाईंची धरून.